यंत्रावर बसण्याआधी शिक्षण : कामगाराचा हक्क, उपकार नव्हे

(रेल्वे कामगारांच्या अभ्यास शिबिरात युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरात वेतन, पेन्शन, खाजगीकरण या विषयांवर पुष्कळ बोलून झाले. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने साधा वाटेल. मोठी यंत्रे चालवणारा माणूस तयार कसा होतो, त्याला कोण शिकवतो, आणि त्यात युनियनचे काम काय, असा हा विषय आहे. पण जमलेल्या साथींमध्ये ट्रॅक मशीनवरचे हेल्पर आणि टेक्निशियन आहेत, ब्रेकडाऊन क्रेनवरचे लोक आहेत, कोळसा खाणीतले डंपर चालवणारे आहेत. त्यांना हा विषय साधा वाटणार नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

आधी एक जुना वाद मिटवून टाकू. यंत्र आले की माणूस जातो, म्हणून यंत्राला विरोध करा, असे म्हणणारे साथी आमच्यात होते आणि आजही आहेत. त्यांची चिंता खोटी नाही. गँगमधली माणसे कमी झालेली आपण डोळ्यांनी पाहिली आहेत. पण यंत्र का आले तेही समजून घेतले पाहिजे. लाकडी स्लीपर होते तेव्हा चार माणसे बीटर घेऊन एका स्लीपरखाली खडी ठासत असत. मग काँक्रीटचे स्लीपर आले. एकेक स्लीपर अडीचशे किलोहून जड. बीटरचा घाव बसला तर काँक्रीटचा टवका उडतो, म्हणून त्याखाली बीटरने खडी ठासता येत नाही. त्यातच रुळांचे सांधे वितळजोड करून लांबच लांब अखंड रूळ झाले, गाड्यांचा वेग आणि वजन वाढले. एका किलोमीटरला १६६० स्लीपर असतात. तेवढ्यांखाली सारख्या दाबाने खडी बसवणे हाताचे काम राहिले नाही. तेव्हा यंत्र काही कुणा साहेबाच्या हौसेने आलेले नाही. ते आले आहे आणि राहणार आहे. प्रश्न इतकाच उरतो की त्याच्या खुर्चीवर कोण बसणार? शिकलेला, कायम, संघटित कामगार बसणार, की बारा तास राबणारा, हातात कसलाच कागद नसलेला कंत्राटी पोरगा? आम्ही म्हणतो, ही खुर्ची आपली आहे. आणि आपली म्हणायची तर तिला लागणारे ज्ञानही आपले असले पाहिजे.

आता हे ज्ञान म्हणजे काय ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटते, दोन दांडे ओढले की यंत्र चालते. शाळा सुटलेला मुलगा आठ दिवसांत जेसीबीचा बकेट वरखाली करू शकतो, हे खरे आहे. पण तेवढ्याने तो ऑपरेटर होत नाही. आपले टॅम्पिंग मशीनच घ्या. ते आधी रूळ उचलते, रेषेत आणते, आणि मग त्याचे पोलादी टाईन स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत घुसतात, सेकंदाला सुमारे ३५ वेळा थरथरत खडी स्लीपरखाली दाबतात. एका वेळी एक स्लीपर ठासणारे यंत्र आहे, दोन ठासणारे आहे, तीन ठासणारेही आहे. टाईन किती खोल उतरवायचे, किती वेळ दाबायचे, झिजलेला टाईन कधी बदलायचा, हे सगळे ऑपरेटरच्या हातात असते. टाईन कमी खोल गेला तर स्लीपरखाली पोकळी राहते. वरून रूळ छान सरळ दिसतो आणि चार गाड्या गेल्या की बसतो. ही चूक त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. महिन्याने दिसते, आणि तेव्हा मुकादमाला विचारणा होते.

दुसरी गोष्ट तापमानाची. अखंड रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून जखडलेला असतो, त्याच्या वर १० अंश आणि खाली ३० अंश एवढ्याच मर्यादेत त्यावर टॅम्पिंग करायचे, असा दंडक आहे. पुष्कळ जण तो पाठ म्हणून दाखवतात. पण का, ते सांगत नाहीत. कारण साधे आहे. उन्हात रूळ लांब व्हायला बघतो. जागा नसते, म्हणून आतल्या आत दाब साठतो. खडी घट्ट असते म्हणूनच तो जागेवर राहतो. आपले यंत्र तीच खडी हलवते. ऐन उन्हात ती हलवली तर रूळ सापासारखा वळतो, आणि मागून गाडी येत असते. ज्याला हे कारण माहीत आहे तो ऑपरेटर रुळाचे तापमान विचारल्याशिवाय काम सुरू करणार नाही. ज्याला फक्त दांडे माहीत आहेत तो ब्लॉक वाया जाईल या भीतीने सुरू करील. फरक शिक्षणाचा आहे, हिंमतीचा नाही.

क्रेनचेही तसेच. जमालपूरच्या कारखान्यात, जो १८६२ सालापासून उभा आहे, १४० टनी ब्रेकडाऊन क्रेन बनतात. नाव १४० टनी असले म्हणून ती प्रत्येक वेळी १४० टन उचलत नाही. हात जवळ असताना जेवढे उचलते तेवढे हात लांब गेल्यावर उचलत नाही. भरलेली बादली छातीशी धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा, म्हणजे समजेल. म्हणून प्रत्येक क्रेनला भाराचा तक्ता असतो. कोणत्या अंतरावर किती वजन, हे त्यात लिहिलेले असते. तो तक्ता वाचता येणे हे ऑपरेटरचे अक्षरज्ञान आहे. तो न वाचता वर्षानुवर्षे अंदाजाने उचलणारे लोक आहेत. अंदाज शंभर वेळा बरोबर येतो. एकशे एकाव्या वेळी क्रेन उलटते.

साथींनो, हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. गेल्या काही वर्षांतले तीन प्रसंग आठवा. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या गोदीत क्रेनची भारचाचणी चालू असताना क्रेन कोसळून ११ जण गेले. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ ओव्हरहेड तारांच्या देखभालीची टॉवर वॅगन रुळावर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनच्या अंगावर आली. चौघेही गेले. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. तिन्हींची कारणे वेगवेगळी. ऑपरेटरवर बोट दाखवण्यासाठी आम्ही ही नावे घेत नाही. एवढेच सांगायचे की यंत्र चुकते तेव्हा आधी मरतो तो यंत्राभोवतीचा कामगार. म्हणून ऑपरेटरचे शिक्षण हा एकट्या ऑपरेटरच्या बढतीचा प्रश्न नाही. खाली खडीत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि यंत्रालाही मर्यादा असते, हे विसरू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले. मोठे ऑगर यंत्र आणले, त्याने बरेच अंतर कापले आणि शेवटी ते मोडून अडकले. उरलेले काही मीटर हाताने खोदणाऱ्या कामगारांनी पार केले, ज्यांच्याकडे एरवी कोणी बघत नाही. यंत्र कुठवर चालवायचे आणि कुठे थांबवायचे, हे ओळखणे ही सुद्धा कसबाचीच गोष्ट आहे.

आता हे कसब मिळते कुठे? रेल्वेपुरते बोलायचे तर ट्रॅक मशीनसाठी प्रयागराजला, म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादला, स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे हायड्रॉलिक, इंजिन, वीज, मोजमाप आणि प्रत्यक्ष यंत्र हे सगळे शिकवतात. तेथून आलेले साथी सांगतात की मोडलेल्या यंत्रातला दोष नकाशावरून शोधायला लावतात. हीच खरी परीक्षा. जाड माणूस बारीक झडपेत अडकलेला कचरा हातोड्याने शोधतो, शिकलेला दाबाच्या मीटरवरून शोधतो. शिक्षण घेऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळते, त्याची मुदत संपली की पुन्हा उजळणी. खाणींमध्ये तर १९६६ सालीच व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम आले. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम २३ ने सांगितले होते की धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोका समजावून, पुरेसे शिक्षण देऊन किंवा जाणकाराच्या देखरेखीखालीच ठेवता येईल. कलम २९ ने सांगितले होते की उचल यंत्राची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून पूर्ण तपासणी व्हावी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आणि १९९८ चे नियम झाले, त्यात अठरा वर्षांखालच्या माणसाच्या हाती उचल यंत्र देऊ नये असे होते. हे कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत घेतले आहेत. संहितांबद्दल आपले मतभेद आहेत आणि ते आपण लढवत राहू. पण शिक्षण आणि तपासणी ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व या देशात सत्तर वर्षांहून जुने आहे. ते कोणाला नव्याने शोधून काढायचे नाही.

म्हणजे कागदावर सगळे आहे. मग अडते कुठे? अडते ते प्रत्यक्ष कामाच्या जागी. तिथे शिकण्याची रीत कोणती, ते तुम्हाला माहीत आहे. पोरगा हेल्पर म्हणून लागतो. यंत्र धुतो, ग्रीस भरतो, डिझेल आणतो, कॅम्प कोचमध्ये चहा करतो. ऑपरेटर जेवायला बसला की हळूच खुर्चीवर बसून पाहतो. ऑपरेटर चांगल्या मनाचा असेल तर सांगतो, नसेल तर हाकलतो. वर्ष-दोन वर्षांत हात बसतो. मग एक दिवस ऑपरेटर रजेवर जातो, ब्लॉक तर मिळालेला असतो, आणि वरून सांगितले जाते, 'चालव रे, तुला येते ना.' तो चालवतो. त्याला आनंद होतो. दुसऱ्या दिवसापासून हेल्परच्या पगारात ऑपरेटरचे काम सुरू होते.

अशाच एका सभासदाची केस आमच्याकडे आली होती. कागद नव्हता, शिक्षण नव्हते, पण महिनोन् महिने तो यंत्र चालवत होता आणि कामाची वाहवा होत होती. एका रात्रीच्या ब्लॉकमध्ये टाईनचा संच वर घेऊन कुलूपबंद करायचा राहिला आणि पुढच्या क्रॉसिंगवर नुकसान झाले. सुदैवाने माणूस दगावला नाही. चौकशीत पहिला प्रश्न आला, 'तुम्हाला यंत्रावर बसायला कोणी सांगितले?' ज्यांनी सांगितले होते त्यांच्यापैकी कोणाला आठवेना. लेखी काहीच नव्हते. आरोपपत्र हेल्परला मिळाले. युनियनने ती केस लढवली, शिक्षा सौम्य झाली, पण वेतनवाढ रोखली गेली ती गेलीच. त्याची बायको कार्यालयात येऊन म्हणाली, 'दादा, चांगले काम केले तेव्हा कोणी लिहून दिले नाही, वाईट झाले तेव्हा लगेच लिहिले.' या वाक्यात सगळा विषय आला.

म्हणून या शिबिरापुढे आम्ही एक ठराव ठेवत आहोत. सक्षमता प्रमाणपत्र नसलेल्या सभासदाने, लेखी आदेश आणि प्रमाणित ऑपरेटर शेजारी असल्याशिवाय, यंत्र चालवू नये. कोणी तोंडी सांगितले तर नम्रपणे म्हणावे, 'साहेब, लिहून द्या.'

या ठरावावर काल रात्री तरुण साथींनी आम्हाला धरले. ते म्हणाले, 'सचिवसाहेब, तुम्ही सांगता ते ठीक. पण प्रशिक्षणाला पाठवणार कधी? नंबर लागायला वर्षे जातात. तोवर यंत्राला हात लावायचा नाही म्हणजे आम्ही जन्मभर ग्रीसच भरायचे काय? आणि नाही म्हटले तर दुसऱ्याला बसवतात, तो शिकतो, आम्ही मागे राहतो.' हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळी घेऊन उत्तर देता येणार नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधतात आणि काठावर जाणता माणूस उभा असतो. नुसते ढकलून देणे याला शिकवणे म्हणत नाहीत.

म्हणून ठरावाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक यंत्रावर शिकाऊची नोंदवही असावी. कोणत्या तारखेला, किती तास, कोणते काम, कोणत्या ऑपरेटरच्या देखरेखीखाली केले, ते त्यात लिहावे आणि दोघांनी सही करावी. हे तास प्रशिक्षणाला पाठवताना आणि पदोन्नतीच्या वेळी धरले जावेत. शिकवणाऱ्या ऑपरेटरला त्याबद्दल भत्ता मिळावा, कारण शिकवणे हेही कामच आहे. प्रशिक्षणाला पाठवण्याचा क्रम सेवाज्येष्ठतेने लावून फलकावर लावावा, म्हणजे वशिल्याला जागा राहणार नाही. आणि प्रमाणपत्र नसताना ज्याच्याकडून काम करून घेतले, त्याला त्या दिवसांचा फरक मिळावा. पहिला भाग एकटा मंजूर केला तर तरुणांवर अन्याय होईल. दोन्ही मिळून मंजूर करा.

रेल्वेबाहेर कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या मुलांचेही दोन शब्द. तीही आपलीच पोरे आहेत. गावोगाव पाट्या दिसतात, 'जेसीबी, पोकलेन, क्रेन शिका, परदेशात नोकरी'. बाप शेतीचा तुकडा गहाण ठेवून पैसे भरतो. पी हळद नि हो गोरी, असा हा कारभार. काही ठिकाणी बरे शिकवतात, काही ठिकाणी पन्नास मुलांमागे एक जुने यंत्र असते आणि डिझेल वाचवण्यासाठी तेही बंद असते. आम्ही पालकांना एवढेच सांगतो की पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मुलाला प्रत्यक्ष यंत्रावर किती तास मिळणार? प्रमाणपत्र कोणत्या मान्य परिषदेचे? आणि भाराचा तक्ता, इशारे, रोजची तपासणी हे शिकवणार काय? सरकारच्या २०१५ च्या कौशल्य योजनेत, जो माणूस काम करतच शिकला त्याच्या पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. ही कल्पना चांगली आहे. आपल्या कंत्राटी साथींना तिचा फायदा मिळवून देणे हे युनियनचे काम आहे. अर्ज भरून देणे, सोबत जाणे, अनुभवाचा दाखला कंत्राटदाराकडून काढणे, ही कामे भाषणापेक्षा मोठी आहेत.

शेवटी शिक्षणातला एक धडा सांगतो, जो आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. क्रेनवर असा नियम आहे की इशारा देणारा माणूस एकच असतो. ऑपरेटरने त्याचेच ऐकायचे. दहा जण दहा दिशांनी हात हलवू लागले तर घात होतो. पण त्याला एक अपवाद आहे. 'थांब' हा इशारा कोणीही देऊ शकतो. खाली उभा असलेला सगळ्यात नवा हेल्पर असो, दोर धरणारा असो, तो 'थांब' म्हणाला की ऑपरेटरने थांबलेच पाहिजे. आधी थांबायचे, मग विचारायचे. रुळावरही तसेच. शेजारच्या लाईनवर गाडी येते की नाही ते पाहणारा लूकआऊट माणूस, ६०० मीटरवर बॅनर आणि १२०० मीटरवर फटाके लावणारा माणूस, वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेपासून दोन मीटर दूर राहा म्हणून ओरडणारा माणूस, हे पगाराने लहान असतील. त्या घटकेला त्यांचा शब्द सगळ्यांत मोठा.

हा नियम आम्ही बनवलेला नाही, तो यंत्राच्या पुस्तकातलाच आहे. पण तो खऱ्या अर्थाने पाळला जातो कुठे? जिथे 'थांब' म्हणणाऱ्याला उद्या बदलीची भीती नसते तिथे. ज्याच्यामागे कोणी नाही तो हात वर करायला कचरतो आणि एक सेकंद जातो. त्या एका सेकंदासाठी युनियन आहे. शिक्षण माणसाला धोका ओळखायला शिकवते, संघटना तो बोलून दाखवायचे बळ देते. दोन्ही नसतील तर यंत्र कितीही आधुनिक असो, ते आंधळेच.

तेव्हा ठरावावर मत देताना एवढे लक्षात ठेवा. आपापल्या शाखेत परत गेल्यावर महिन्याच्या आत प्रत्येक यंत्रावर नोंदवही ठेवा. प्रशासनाने छापून दिली नाही तर साध्या शंभर पानी वहीवर रेघा मारून सुरू करा. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या साथींची यादी करून कार्यालयाकडे पाठवा. प्रशिक्षणाच्या जागांसाठीची वाटाघाट आम्ही वरच्या पातळीवर करू, पण आकडे तुमच्याकडून आले पाहिजेत. वही भरलेली असेल तर टेबलावर आपला आवाज चढवावा लागत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!